बेघर मुलांचा गुरू : पेस्टालोझी

योहान हाइनरिख पेस्टालोझी हे नाव आम्हा शिक्षकांना बी.एड.च्या वर्गात भेटते. 'निरीक्षणातून शिक्षण' एवढे उत्तर लिहिले की गुण मिळतात. पण त्यांची पद्धती ज्या मुलांमुळे घडली, ती मुले मात्र आपल्या लक्षात राहत नाहीत.

पेस्टालोझींचा जन्म १७४६ साली स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे झाला. पाच वर्षांचे असताना वडील वारले. आईने आणि घरातील एका निष्ठावंत मोलकरणीने त्यांना वाढविले. १७७४ साली त्यांनी न्यूहोफ येथील आपल्या शेतावर गरीब, भटकी मुले आणून ठेवली. मुले सूत कातून आपला खर्च भागवतील, असा त्यांचा हिशेब होता. तो चुकला, आणि चुकणारच होता; लहान मुलांच्या कष्टावर संस्था चालत नाही. पत्नीची मिळकतही त्यात गेली. १७८० साली ते काम बंद पडले.

सप्टेंबर १७९८ मध्ये नव्या राज्यघटनेची शपथ नाकारणाऱ्या निडवाल्डेन प्रांतावर फ्रेंच फौजा तुटून पडल्या. शेकडो माणसे मारली गेली, घरे जळाली, मुले उघड्यावर आली. सरकारने पेस्टालोझींना श्टान्स गावी धाडले. जानेवारी १७९९ मध्ये एका मठाच्या अर्धवट दुरुस्त इमारतीत अनाथाश्रम सुरू झाला. मुले खरजेने भरलेली, उपाशी, भेदरलेली. गाव कॅथलिक आणि हे प्रोटेस्टंट, शिवाय सरकारचा माणूस, म्हणून लोकांचा विश्वास नव्हता. काही आया मुलांना नवे कपडे मिळताच घेऊन जात.

सुमारे ८० मुले आणि मदतीला एक बाई! पेस्टालोझी त्यांच्यातच जेवत, त्यांच्यातच झोपत, आजाऱ्यांची शुश्रूषा करीत. मोठी मुले लहानांना शिकवू लागली. एप्रिलमध्ये शेजारचे आल्टडोर्फ जळाले, तेव्हा त्यांनी मुलांना विचारले की तिथली वीसएक मुले इथे आणली तर तुमचे अन्न-वस्त्र वाटून द्यावे लागेल, कामही वाढेल, चालेल काय? मुले एकमुखाने हो म्हणाली. असा धडा कोणत्या पाठटाचणात बसवावा?

आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार वयाचा दाखला नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. तरीही पुलाखालचे मूल दाराशी आले की आम्ही आधी कागदच मागतो. श्टान्सला मुलांना आधी जेवण मिळाले.

जूनमध्ये लष्कराला रुग्णालयासाठी जागा हवी झाली आणि आश्रम मोडला. पुढे बुर्गडोर्फ आणि इव्हेर्दों येथील शाळांमुळे त्यांची कीर्ती युरोपभर पसरली. फ्रोबेलसारखे लोक शिकायला आले. पण तिथे फी भरणाऱ्यांची मुले होती. म्हणून ७२ व्या वर्षी, १८१८ साली, आपल्या ग्रंथांच्या उत्पन्नातून त्यांनी क्लँडी येथे पुन्हा गरिबांची शाळा काढली. तीही फार टिकली नाही.

१८२५ साली ते न्यूहोफला परतले आणि १७ फेब्रुवारी १८२७ रोजी निवर्तले. बिर येथे शाळेजवळच त्यांचे दफन झाले. न्यूहोफला १९१४ साली मुलांसाठी पुन्हा निवासी संस्था उघडली.