बिल गेट्सच्या आधी छोट्या कॉम्प्युटरवर गॅरी किल्डॉल यांचं राज्य होतं

वाशिम जिल्ह्यातल्या रिठदमध्ये कुणाच्या हातात अँड्रॉइड फोन असेल, तर त्यातली अँड्रॉइड सिस्टीम फोनवर तयार झालेली नसते. ती तयार होते मोठ्या कॉम्प्युटरवर. त्याचा प्रोसेसर सहसा इंटेल किंवा एएमडीचा, फोनचा मात्र एआरएम जातीचा. दोघांना कळणारे आदेश वेगळे. तरी काम होतं, कारण मोठा कॉम्प्युटर फोनला कळेल असा कोड बनवून देतो.

याला म्हणतात क्रॉस-कंपायलिंग. भाकरी घरच्या चुलीवर भाजायची आणि शेतात नेऊन खायची, तसंच. शेतात चूल नसली तरी अडत नाही.

मायक्रोप्रोसेसरसाठी ही वाट पाडणारा माणूस म्हणजे गॅरी किल्डॉल.

त्यांचा जन्म १९४२ चा, अमेरिकेतल्या सिएटलचा. घरची नौकानयन शिकवणारी शाळा होती. पुढे ते कॅलिफोर्नियात मॉन्टेरे इथे नौदलाच्या संस्थेत कॉम्प्युटर शिकवू लागले. १९७२ मध्ये पीएचडी झाली.

त्याच्या आदल्याच वर्षी इंटेलने ४००४ ही चिप बाजारात आणली होती. अनेकांना ती कॅल्क्युलेटरपुरती वाटत होती. किल्डॉल यांना तिच्यात अख्खा कॉम्प्युटर दिसला.

अडचण एकच होती. अशा चिपवर बसून प्रोग्राम लिहिणं म्हणजे एकेक आदेश हाताने रचणं. चिपची ताकद तुटपुंजी, तिच्यावर कंपायलर मावणार कुठे?

म्हणून त्यांनी इंटेलसाठी पीएल/एम ही भाषा तयार केली. तिचा कंपायलर चालायचा मोठ्या कॉम्प्युटरवर, पण त्यातून निघणारा कोड असायचा इंटेलच्या ८००८ आणि नंतर ८०८० या चिपसाठी.

याच भाषेत १९७४ मध्ये त्यांनी सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली. पत्नी डोरोथी यांच्यासोबत डिजिटल रिसर्च ही कंपनी काढली.

मग नवा प्रश्न आला. प्रत्येक कंपनीचं मशीन वेगळं. दरवेळी सगळी सिस्टीम बदलायची का? किल्डॉल यांनी मशीनशी थेट बोलणारा भाग वेगळा काढला आणि त्याला बायोस नाव दिलं. नवीन मशीन आलं की तेवढाच भाग बदलायचा, बाकीचं तसंच. सीपी/एम कितीतरी कंपन्यांच्या मशीनवर पोहोचली.

१९८० मध्ये आयबीएमचे लोक दारात आले. बोलणी फिसकटली. किल्डॉल त्या दिवशी विमान उडवत होते म्हणून संधी गेली, अशी दंतकथा पसरली. खरं तर ते कामासाठीच गेले होते आणि गोपनीयतेच्या करारावरूनही घोडं अडलं होतं. शेवटी मायक्रोसॉफ्टने दुसऱ्या कंपनीची सिस्टीम विकत घेऊन आयबीएमला दिली. पुढे आयबीएमने सीपी/एमचाही पर्याय ठेवला, पण किंमत २४० डॉलर. मायक्रोसॉफ्टवाली ४० डॉलरला. गिऱ्हाईक कुठे गेलं, हे सांगायला नको.

११ जुलै १९९४ ला, वयाच्या ५२ व्या वर्षी किल्डॉल गेले. लोकांच्या लक्षात राहिली ती हुकलेली संधी. पण एका मशीनवर दुसऱ्या मशीनचा प्रोग्राम बनवायची त्यांची पद्धत आजही तुमच्या खिशातल्या फोनमागे आहे.