माशीला गोड कसं कळतं?

कॅंटीनमध्ये जास्त पिकलेल्या केळ्यांवर चिलटं घोंगावतात ना, ती हाकलण्याआधी जरा थांबा. लाल डोळ्यांच्या त्या बारक्या फळमाशीपायी एक मुलगी डब्लिनहून मुंबईला आली होती.

तिचं नाव व्हेरॉनिका रॉड्रिग्स. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र तुम्हाला माहीत असेल, निदान बायोलॉजी ऑलिम्पियाडच्या कॅम्पमुळे तरी. हे केंद्र ज्या टीआयएफआरचं, तिचं मुख्य कॅम्पस कुलाब्याच्या टोकाला आहे. व्हेरॉनिकाची लॅब तिथली.

1953 साली नैरोबीत, गोव्याहून केनियात गेलेल्या घरात तिचा जन्म झाला. कॉलेजसाठी युगांडात गेली, पण तिथलं राजकारण पेटलं आणि निघावं लागलं. मग 1976 मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातून मायक्रोबायोलॉजीची डिग्री. आता बघा, वय जवळपास तुमच्याएवढंच आणि हातात युरोपातली डिग्री. बहुतेकांनी तिथेच पुढचं बघितलं असतं. हिने ओबेद सिद्दीकी यांचं संशोधन वाचलं आणि थेट मुंबईला पत्र टाकलं.

सिद्दीकी तोवर बॅक्टेरियाकडून फळमाशीकडे वळले होते. प्रश्न असा होता, की चव कळणं हे जीनमध्ये लिहिलेलं असतं का? माशी पायांनीसुद्धा चव घेते. पायाला साखरेचं पाणी लागलं की सोंड बाहेर काढते, कडू क्विनाइनपासून लांब राहते. जिला हे कळत नाही अशी माशी हुडकायची, हे व्हेरॉनिकाचं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण माशी लुळी नाही, तिची भूक मेलेली नाही, बिघाड फक्त चवीत आहे, हे दाखवायचं म्हणजे डोकेफोडच! 1978 मध्ये दोघांनी अशा म्युटंट माश्या जगापुढे मांडल्या. 1981 चा निबंध तर भारीच. त्यातल्या माशीला ग्लुकोज आणि सुक्रोजची गोडी नीट कळत नव्हती, फ्रुक्टोजची मात्र कळायची. म्हणजे 'गोड' ओळखणारं कुलूप एकच नाही. जीन बिघडला तर त्यातलं एक बिघडतं, दुसरं शाबूत राहतं. फळमाशीचा जीनोम वाचून व्हायला तेव्हा अजून 19 वर्षं होती.

मग पीएचडी, जर्मनीत ट्यूबिंगेन, आणि परत कुलाबा. (आता प्राध्यापक झाल्या, 'ती' म्हणणं बरं दिसत नाही.) कामात असलेल्या पेशी साखर जास्त ओढतात. 1988 मध्ये हेच वापरून, किरणोत्सारी साखरेच्या मदतीने त्यांनी माशीच्या मेंदूत वासाचा नकाशा दाखवला. वास बदलला की मेंदूत कामाला लागणारी जागाही बदलते.

चव कळली, खाल्लं, पुढे काय? ते कोडं अमेरिकेत युटा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी माशीतच सोडवलं. डीएचआर96 हा जीन मुकादमासारखा असतो. त्याच्या हुकमावर चालणाऱ्या मॅग्रो जीनमधून अन्नातलं तेल-तूप फोडणारं एन्झाइम बनतं. मुकादम नसला तर चरबी नीट पचत नाही, माशी लुकडीच राहते आणि उपाशी ठेवली तर लवकर मरते. वडापाव खाल्ल्यावर तुमच्या-माझ्या जठरात कामाला लागणारं एक एन्झाइम मॅग्रोच्याच नात्यातलं आहे.

याचा पहिला निबंध 2009 चा, दुसरा 2012 चा. दुसरा बघायला व्हेरॉनिका नव्हत्या. नोव्हेंबर 2010 मध्ये कॅन्सरने त्या गेल्या. आजारपणातही त्यांनी माश्या सोडल्या नव्हत्या.