पियानोवर घडलेली प्रार्थना : थॉमस डॉर्सी



आपल्या मंडळीत वर्षानुवर्षे गाइले जाणारे एखादे गीत नव्या वादकाने निराळ्या ठेक्यात वाजविले, तर उपासनेनंतर काय घडते हे आपणांस ठाऊक आहे. तरुणांचे चेहरे खुललेले असतात, तर पहिल्या बाकांवरील वडीलधारी माणसे पाळकांना गाठून विचारतात की, हे देवाचे घर आहे की तमाशाचा फड? असा प्रश्न ज्याच्या तोंडावर अनेकदा फेकला गेला, अशा एका मनुष्याचे चरित्र आज आपणांपुढे ठेवीत आहे. थॉमस अँड्र्यू डॉर्सी हे त्याचे नाव. अमेरिकेतील गॉस्पेल संगीताचा जनक म्हणून जग त्यास ओळखते.

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील व्हिला रिका या लहानशा गावी 1 जुलै 1899 रोजी एका कृष्णवर्णीय कुटुंबात त्याचा जन्म झाला. वडील बाप्टिस्ट उपदेशक. परंतु उपदेशावर घर चालत नसल्याने ते शेतीही करीत. आई उपासनेत पायपेटी वाजवी. त्या मंडळीत जुनी इंग्रजी गीते छापल्याप्रमाणे गाइली जात नसत. लोक स्वर लांबवीत, हुंकार देत, आणि गीत जणू कण्हत कण्हत पुढे जाई. गुलामगिरी संपून तेव्हा चाळीस वर्षेही झाली नव्हती. त्या कण्हण्यामागचे दुःख ताजे होते. बालक थॉमसच्या कानांत हा स्वर बसला, तो कायमचा.

1908 च्या सुमारास कुटुंब अटलांटा शहरी आले. तेथे दारिद्र्य अधिकच बोचू लागले. थॉमसची शाळा लवकर सुटली. एका नाट्यगृहात तो किरकोळ खाद्यपेये विकू लागला आणि तेथील पियानोवादकांची बोटे न्याहाळीत वादन शिकला. पुढे लोकांच्या घरच्या मेजवान्यांत रात्र रात्र तो वाजवू लागला. ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीयांची लौकिक दुःखगीते, त्याच्या बोटांत शिरली ती याच दिवसांत.

तरुणपणी तो शिकागोस गेला. 1921 साली तेथे भरलेल्या बाप्टिस्ट अधिवेशनात निक्स नावाच्या उपदेशकाचे गायन त्याने ऐकले. गीत ओळखीचेच होते. पण निक्स काही शब्दांवर थांबत होते, स्वर वळवीत होते, आणि श्रोत्यांची अंतःकरणे हेलावत होती. आपणही अशी गीते करावी, असे थॉमसला वाटले आणि त्याने काही रचनाही केल्या. परंतु पोटाची ओढ बलवत्तर ठरली. 1924 पासून तो मा रेनी या प्रसिद्ध ब्लूज गायिकेच्या वाद्यवृंदात वाजवू लागला. 1925 मध्ये नेटी हार्पर हिच्याशी त्याचा विवाह झाला. त्यानंतर लवकरच मनाच्या गंभीर आजाराने त्याला घेरले आणि जवळजवळ दोन वर्षे त्याचे वादन थांबले.

या अंधारातून तो 1928 मध्ये बाहेर आला, तो देवासाठी गीते रचण्याचा निश्चय करूनच. येथे आपण प्रामाणिक असले पाहिजे. त्याच वर्षी त्याने जॉर्जिया टॉम या नावाने टॅम्पा रेड या गिटारवादकाबरोबर एक सवंग ब्लूज गीतही ध्वनिमुद्रित केले आणि ते अतोनात खपले. काही वर्षे हा मनुष्य दोन दरवाजांत एकेक पाय ठेवून उभा होता. संतचरित्रांतून अशा गोष्टी आपण गाळतो. पण ज्याला देव हळूहळू जिंकतो, त्याचे चरित्र असेच असते.

त्याने नेमके केले काय? डावा हात खालच्या सप्तकात संथ, न डगमगणारी लय धरी. उजवा हात स्वरसमूह वाजवी आणि मधल्या रिकाम्या जागा लहान लहान तानांनी भरी. कीर्तनात बुवांची ओळ संपते न संपते तोच टाळकरी ती उचलतात. तसाच गायकाच्या ओळीला पियानो उत्तर देई. मात्रेचे दोन सरळ भाग न पाडता तीन केले, की तीच चाल झुलू लागते. गंधार आणि निषाद किंचित उतरविले, की तिच्यात आर्तता येते. पियानोवर मींड घेता येत नाही. म्हणून शेजारच्या दोन पट्ट्यांना निसटता स्पर्श करून वादक तिचा भास निर्माण करतो. डॉर्सीने छापलेल्या स्वरलिपीत गीताचा केवळ सांगाडा असे. त्यावर मांस चढविणे त्याने गाणाऱ्याच्या श्रद्धेवर व कल्पनेवर सोपविले होते.

शहरातील प्रतिष्ठित मंडळ्यांना हे रुचले नाही. दारूच्या गुत्त्यातील ठेका वेदीपुढे नको, असे म्हणून अनेक पाळकांनी त्याला परत पाठविले. तथापि 1930 च्या बाप्टिस्ट अधिवेशनात त्याचे एक गीत गाइले गेले, आणि त्याच्या छापील प्रती लोकांनी मागून घेतल्या. 1932 मध्ये शिकागोच्या पिलग्रिम बाप्टिस्ट मंडळीच्या गॉस्पेल गायकवृंदाची धुरा त्याच्याकडे आली.

त्याच वर्षी, ऑगस्ट महिन्यात, तो सेंट लुईस येथे सभांसाठी गेला होता. नेटी गरोदर होती. सभेतच त्याच्या हाती तार पडली. नेटी प्रसूतीत गेली होती. तो घरी पोहोचला. मुलगा जन्मला होता, पण तोही लवकरच दगावला. मायलेकांना एकाच शवपेटीत ठेवण्यात आले.

डॉर्सीला वाटले, देवाने आपल्यावर अन्याय केला आहे. आता त्याच्यासाठी एकही गीत करायचे नाही. इयोबाचे पुस्तक ज्यांनी वाचले आहे, त्यांना या संतापाचे नवल वाटणार नाही. काही दिवसांनी थियोडोर फ्राय हा त्याचा गायक मित्र सोबत असता तो एका पियानोपाशी बसला. बोटे सहज एका जुन्या चालीकडे वळली. जॉर्ज ॲलन यांची ‘मेटलंड’ ही 1844 सालची चाल मंडळ्यांत सर्वांना पाठ होती. वधस्तंभ वाहण्याविषयीचे गीत तिच्यावर गाइले जाई. डॉर्सीने तिची गती संथ केली, ओळींची ठेवण बदलली, स्वरांना आपले दुःख दिले, आणि थकलेल्या जिवाचा हात प्रभूने धरावा अशी विनवणी तिच्यावर रचली. प्रभूसाठी योजलेले विशेषण फ्रायच्या सूचनेवरून बदलले गेले, आणि ‘प्रेशस लॉर्ड’ हे गीत जन्मास आले.

पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम करताना मला या प्रसंगाची वारंवार आठवण होते. मूळ अर्थ तोच ठेवावयाचा, परंतु तो ऐकणाऱ्याच्या श्वासात उतरवावयाचा, हीच आमची कसोटी असते. शब्दाला शब्द ठेवून भागत नाही, आणि मनाला येईल ते घालूनही चालत नाही. डॉर्सीने जुनी चाल मोडली नाही. त्याने ती आपल्या अश्रूंच्या भाषेत आणली. आपल्या नारायण वामन टिळकांनी (1861–1919) ख्रिस्तभक्ती अभंगाच्या व भजनाच्या वळणाने गाइली, तेव्हा त्यांनीही हेच केले नव्हते काय?

पुढे डॉर्सीने गॉस्पेल गायकवृंदांची राष्ट्रीय संघटना उभारण्यात पुढाकार घेतला आणि अनेक दशके तिचे अध्यक्षपद सांभाळले. महालिया जॅक्सन या थोर गायिकेस त्याने पियानोची साथ केली व तिच्यासाठी गीते रचली. 1941 मध्ये त्याने पुनर्विवाह केला. 4 एप्रिल 1968 रोजी मेम्फिस येथे गोळी लागण्यापूर्वी काही क्षण मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्या रात्रीच्या सभेत हेच गीत वाजविण्याची विनंती एका वादकास केली होती. त्यांच्या अंत्यविधीत महालियाने ते गाइले. डॉर्सीचे देहावसान 23 जानेवारी 1993 रोजी शिकागो येथे झाले. ज्या ठेक्यासाठी मंडळ्यांनी त्याला दाराबाहेर काढले होते, तो तोवर जगभरच्या उपासनेत रुजला होता.

वाचकहो, येत्या रविवारी एखादा तरुण ओळखीचे गीत निराळ्या ढंगाने वाजवू लागला, तर लगेच कपाळाला आठी घालू नका. आणि तरुण वादकहो, तुम्हीही स्वतःस विचारा : माझ्या या हरकती माझे कौशल्य दाखविण्यासाठी आहेत, की या बाकांवर बसलेल्या एखाद्या शोकाकुल जिवाला प्रार्थना करता यावी यासाठी? डॉर्सीच्या बोटांना त्या दिवशी टाळ्या नको होत्या. त्यांना केवळ धरावयास एक हात हवा होता.