चष्मेवाला शिकारी

थिओडोर रूझवेल्ट हे अमेरिकेचे अध्यक्ष म्हणून आपणांस ठाऊक असतील. सप्टेंबर १८८३ मध्ये मात्र ते २४ वर्षांचे, दमेकरी, चष्मा लावणारे शहरी तरुण होते. बायसन, म्हणजे तिकडचा रानरेडा, मारण्यासाठी ते डकोटाच्या ओसाड मुलखात रात्री आगगाडीतून एकटेच उतरले. कातड्यांच्या व्यापारापायी कळपच्या कळप कापले गेले होते; उरले होते चुकार प्राणी. म्हणून वाटाड्या जो फेरिस आधी तयारच होईना. बंदुकीचा घोडा मोडलेला, तेव्हा गावातून दुसरी बंदूक उसनी घेतली. बसायला घोडा मात्र कोणी देईना. चष्मेवाला परका माणूस, घेऊन पळाला तर? अखेर रोख पैसे मोजून त्यांनी घोडीच विकत घेतली!

मग लँग नावाच्या गृहस्थांच्या झोपडीत मुक्काम पडला. दिवसेंदिवस पाऊस, चिखल. फेरिस थांबू म्हणे, हे रोज निघत. सुमारे दोन आठवड्यांनी एक रेडा मिळाला. त्या चिकाटीचे कौतुक वाटते, पण तो रेडा शेवटच्या मोजक्यांपैकी होता, हेही मनाला लागते.

पुढे १९०५ साली बायसन वाचविण्यासाठी संस्था निघाली, तिचे मानद अध्यक्ष हेच रूझवेल्ट. १९०८ मध्ये मोंटानात बायसनसाठी राखीव कुरण करण्याच्या कायद्यावर सहीही त्यांचीच.