दादाभाई नौरोजी

दादाभाई नौरोजी (४ सप्टेंबर १८२५ – ३० जून १९१७) हे भारतीय राजकीय नेते, अर्थशास्त्रीय विचारवंत, समाजसुधारक आणि गणिताचे प्राध्यापक होते. ते भारतीय राष्ट्रीय काँग्रेसचे तीन वेळा अध्यक्ष झाले. आर्थिक निःसारणाच्या सिद्धान्तासाठी ते विशेष ओळखले जातात. त्यांच्या सार्वजनिक जीवनाचा आरंभ मात्र राजकारणातून झाला नाही. मुंबईतील विद्यार्थ्यांनी साहित्य व शास्त्र यांच्या अभ्यासासाठी चालविलेल्या एका सभेतून तो झाला.

बालपण व शिक्षण

दादाभाईंचा जन्म एका सामान्य स्थितीतील पारशी पुरोहित कुटुंबात झाला. ते चार वर्षांचे असताना वडील नौरोजी पालनजी दोर्दी यांचे निधन झाले. आई माणेकबाई यांनी त्यांना वाढविले. माणेकबाई स्वतः फारशा शिकलेल्या नव्हत्या, तरी मुलाच्या शिक्षणात त्यांनी खंड पडू दिला नाही. त्या काळी एतद्देशीयांच्या शाळेत फी आकारली जात नसे, म्हणून हे शिक्षण शक्य झाले. आपले शिक्षण लोकांच्या पैशातून झाले आहे, तेव्हा त्याची परतफेड लोकांच्या सेवेनेच केली पाहिजे, अशी त्यांची धारणा पुढे दृढ झाली.

एल्फिन्स्टन संस्थेत गणितातील प्रावीण्यामुळे ते प्राध्यापकांच्या विशेष मर्जीतले विद्यार्थी ठरले. कायद्याच्या अभ्यासासाठी त्यांना इंग्लंडला पाठवावे, अशी सूचना सर अर्स्किन पेरी यांनी केली होती. तेथे त्यांचे धर्मांतर होईल या भीतीने पारशी समाजातील वडीलधाऱ्यांनी पाठिंबा दिला नाही आणि ती योजना बारगळली. दादाभाई त्याच संस्थेत अध्यापन करू लागले. १८५० मध्ये ते साहाय्यक प्राध्यापक झाले आणि पुढे गणित व पदार्थविज्ञान या विषयांचे प्राध्यापकपद त्यांना मिळाले. एखाद्या भारतीयाला असे पद मिळणे ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती.

विद्यार्थ्यांची सभा

१८४८ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापक पॅटन व रीड यांच्या मार्गदर्शनाखाली आजी-माजी विद्यार्थ्यांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन केली. सभासदांनी अभ्यास करून निबंध लिहावा, तो सभेत वाचावा आणि त्यावर इतरांनी चर्चा करावी, अशी तिची कार्यपद्धती होती. दादाभाई हे तिच्या प्रमुख कार्यकर्त्यांपैकी एक होते.

ही चर्चा इंग्रजीत चाले, त्यामुळे तिचा लाभ इंग्रजी न जाणणाऱ्यांना होत नसे. ही उणीव दूर करण्यासाठी सभेच्या मराठी व गुजराती शाखा निघाल्या. मराठी शाखा उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा या नावाने ओळखली जाई व दादोबा पांडुरंग तर्खडकर हे तिचे अध्यक्ष होते. १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघू लागले. शास्त्रीय विषयांवरील सुबोध मराठी लेखनाला त्याने वाट करून दिली. गुजराती शाखेत दादाभाईंनी शास्त्रीय विषयांवर व्याख्याने दिली. महाविद्यालयात इंग्रजीतून शिकविलेला विषय व्यापारी व कारागीर यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगण्याची सवय त्यांना येथेच लागली.

मुलींच्या शाळा

स्त्रीशिक्षणावर सभेत निबंध वाचले गेले, तेव्हा केवळ निबंधांनी काय साधणार, हा प्रश्न पुढे आला. सभासदांनी स्वतःच मुलींना शिकवावे असे ठरले. १८४९ मध्ये सभेने मुंबईत मुलींच्या शाळा उघडल्या. आरंभी त्यांत ४४ पारशी व २४ हिंदू मुली होत्या. सभासद आपापली नोकरी वा अभ्यास सांभाळून सकाळच्या वेळी विनावेतन शिकवीत. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी याच सुमारास हे कार्य हाती घेतले होते.

मुली मिळविणे हे सर्वांत कठीण काम होते. दादाभाई घरोघर जाऊन पालकांची मनधरणी करीत आणि ओसरीवर बसून मुलींना शिकविण्याची परवानगी मागत. शिकलेली मुलगी संसाराला निरुपयोगी ठरेल, अशी समजूत सर्वत्र होती. काही घरांतून त्यांना जिन्यावरून ढकलून देण्याची धमकीही मिळाली. या कामी माणेकबाईंनी त्यांना साथ दिली. पुढे कामा कुटुंबाने आर्थिक साहाय्य दिले आणि जगन्नाथ शंकरशेट यांनी शाळेसाठी जागा दिली. त्यामुळे शाळांना स्थैर्य आले.

उत्तरायुष्य

१८५१ मध्ये दादाभाईंनी ‘रास्त गोफ्तार’ हे गुजराती पत्र सुरू केले. १८५५ मध्ये प्राध्यापकपद सोडून ते कामा कंपनीच्या व्यापारासाठी लंडनला गेले. तेथे १८६६ मध्ये त्यांनी ईस्ट इंडिया असोसिएशनच्या स्थापनेत पुढाकार घेतला. १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून ते अवघ्या काही मतांच्या आधिक्याने ब्रिटिश संसदेवर निवडून आले.

त्यांच्या अर्थविचारात गणिताच्या प्राध्यापकाची शिस्त दिसते. प्रांतवार लागवडीचे क्षेत्र, पीक व बाजारभाव यांचे सरकारी आकडे घेऊन त्यांनी भारतीयाचे सरासरी वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये असल्याचे मांडले. त्याची तुलना त्यांनी तुरुंगातील कैद्याच्या निर्वाहखर्चाशी केली. दारिद्र्याविषयीच्या तक्रारीला अशा रीतीने तपासून पाहता येईल असा आधार मिळाला. हे विवेचन १९०१ मध्ये ‘पॉव्हर्टी अँड अनब्रिटिश रूल इन इंडिया’ या ग्रंथात संकलित झाले. १९०६ च्या कोलकाता अधिवेशनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी स्वराज्य हे ध्येय मांडले.

वारसा

मुंबई विद्यापीठाने १९१६ मध्ये त्यांना मानद पदवी दिली. पुढील वर्षी त्यांचे निधन झाले. सभेने सुरू केलेल्या पारशी मुलींच्या शाळा कालांतराने स्वतंत्र मंडळाकडे गेल्या. गिरगावातील शाळेतून मराठी मुलींच्या अनेक पिढ्या शिकून बाहेर पडल्या.