वुडहाउस आणि जीव्ज

इंग्रजी विनोदी साहित्यात पी. जी. वुडहाउस यांचे नाव फार मोठे आहे. आपल्याकडे पु. ल. देशपांडे यांच्यासारखे थोर विनोदकारही त्यांचे चाहते होते. वुडहाउस यांचा जन्म इंग्लंडमधील गिल्फर्ड या गावी १५ ऑक्टोबर १८८१ रोजी झाला. वडील हाँगकाँगमध्ये न्यायखात्यात अधिकारी असल्यामुळे बालपणी त्यांना आईवडिलांचा सहवास फारसा लाभला नाही. आत्या व मावश्या यांच्या धाकातच ते वाढले. पुढे त्यांच्या कथांत ज्या करारी आत्या अवतरल्या, त्यांचे मूळ येथेच असावे! शिक्षण संपल्यावर त्यांना लंडनमधील एका बँकेत नोकरी मिळाली. परंतु खातेवह्यांत त्यांचे मन रमेना. १९०२ साली त्यांनी ती सोडली आणि लेखणी हेच उपजीविकेचे साधन केले.

१९१५ साली त्यांच्या एका कथेत जीव्ज नावाचा सेवक प्रथम दिसला. त्याचा धनी बर्टी वूस्टर हा श्रीमंत व मनाने निर्मळ, पण बुद्धीने बेताचाच तरुण होता. बर्टीने नसत्या भानगडीत सापडावे आणि जीव्जने शांतपणे त्याला सोडवावे, असा या कथांचा क्रम. तथापि त्यांची खरी गोडी प्रसंगांपेक्षा निवेदनात आहे. कथा सांगतो स्वतः बर्टी. आपण किती हास्यास्पद बोलत आहोत, याची त्याला जाणीवच नसते. जीव्ज तर खोलीत चालत येत नाही. तो अलगद प्रकट होतो. कागदावर हे सहज साधते. पडद्यावरच्या नटाला मात्र दारातूनच आत यावे लागते.

दुसऱ्या महायुद्धात वुडहाउस यांच्यावर मोठे संकट ओढवले. ते त्या वेळी फ्रान्समध्ये राहत होते. १९४० साली जर्मन सैन्याने त्यांना पकडून स्थानबद्ध केले. सुटका झाल्यावर १९४१ साली बर्लिनच्या नभोवाणीवरून त्यांनी पाच भाषणे केली. अमेरिकेतील वाचकांना आपल्या बंदिवासाच्या गमती सांगाव्या, एवढाच त्यांचा हेतू होता. शत्रूची स्तुती त्यांत नव्हती. परंतु शत्रूच्याच नभोवाणीवरून बोलणे हा अविचार होता. लंडनवर बाँब पडत असताना हा माणूस शत्रूच्या राजधानीतून विनोद करतो, या विचाराने इंग्लंडमधील लोक संतापले. सरकारच्या आग्रहावरून बी. बी. सी.च्या नभोवाणीने त्यांना देशद्रोही ठरविणारे भाषण प्रक्षेपित केले. काही ग्रंथालयांनी त्यांची पुस्तकेही काढून टाकली. पुढे चौकशीत त्यांच्यावर खटला भरण्याजोगे काही आढळले नाही. पण मनाला लागलेला घाव भरला नाही. १९४७ साली ते अमेरिकेला गेले, १९५५ साली तेथील नागरिक झाले आणि मायदेशी पुन्हा कधीच परतले नाहीत.

१९६१ साली, त्या निंदाव्यंजक भाषणाला वीस वर्षे झाली तेव्हा, त्याच बी. बी. सी.वरून ईव्हलिन वॉ या लेखकाने वुडहाउस यांची बाजू जाहीरपणे मांडली. त्यानंतर चारच वर्षांनी, १९६५ साली, बी. बी. सी.च्या दूरचित्रवाणीवर जीव्जच्या कथांची मालिका सुरू झाली. इयन कारमायकल बर्टी झाले, तर डेनिस प्राइस जीव्ज. वुडहाउस तेव्हा त्र्याऐंशी वर्षांचे होते. नाटकांसाठी कित्येक वर्षे लिहिल्यामुळे नटांची पारख त्यांना पक्की होती. ते या मालिकेविषयी काय म्हणतील?

त्यांनी निर्मात्याला व सर्व नटांना आभाराचा संदेश धाडला. आपण मनात पाहिलेले बर्टी आणि जीव्ज हुबेहूब असेच होते, असे कळवून त्यांनी सर्वांना मनापासून दुवा दिला. पुढे मात्र त्यांचे मत थोडे पालटले. कारमायकल अभिनय जरा अधिकच करतात, असे त्यांना वाटू लागले. शिवाय बर्टी ऐन पंचविशीतला, आणि कारमायकल पंचेचाळिशीला टेकलेले! पण सगळा दोष नटाच्या माथी मारणे योग्य होणार नाही. पुस्तकातला बर्टी नकळत हसवतो, आणि नटाला तर प्रेक्षकांना हसवायचेच असते. प्राइस यांच्याबद्दलचे वुडहाउस यांचे मत मात्र ढळले नाही. इतका उत्तम जीव्ज आपण दुसरा पाहिला नाही, असेच ते मानीत.

मालिकेचे एकूण वीस भाग १९६७ पर्यंत दाखविण्यात आले. त्यांपैकी बहुतेक आज पाहावयास मिळत नाहीत. जुन्या चित्रफिती पुसून त्यांवर नवे कार्यक्रम नोंदविण्याची त्या काळी रीत होती. पुस्तके मात्र अजूनही छापली जातात.

१९७५ च्या आरंभी ब्रिटनने वुडहाउस यांना ‘सर’ हा किताब दिला. त्याच सुमारास बी. बी. सी.ने त्यांच्या इतर कथांवर दुसरी मालिका तयार केली. तिच्या प्रास्ताविकासाठी नव्वदी ओलांडलेले वुडहाउस स्वतः कॅमेऱ्यासमोर बसले. १४ फेब्रुवारी १९७५ रोजी अमेरिकेतील एका रुग्णालयात त्यांचे निधन झाले. अखेरची कादंबरी अपुरीच राहिली. मालिका दाखविली गेली ती एप्रिलमध्ये. इंग्लंडमधील घराघरांतून एक टक्कल पडलेले, हसतमुख वृद्ध गृहस्थ पडद्यावर आले, आणि आपली कथा लोकांच्या हाती सोपवून बाजूला झाले.