राजाच्या स्वागताची कमान आणि परळचे रुग्णालय

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन करून झाले की गावोगावहून आलेले आपले कितीतरी बंधू-भगिनी मुलाबाळांना घेऊन गेट वे ऑफ इंडिया पाहायला जातात. कमानीवर राजा-राणीचे नाव कोरलेले आहे. पण ही कमान ज्याने कागदावर उभी केली, त्याचे नाव दहांतल्या नऊ जणांना ठाऊक नसते. ते नाव आहे जॉर्ज विटेट.

विटेट यांचा जन्म १८७८ साली स्कॉटलंडमधील ब्लेअर अ‍ॅथॉल या डोंगराळ भागातील लहानशा गावी झाला. पर्थ येथे एका वास्तुविशारदाच्या हाताखाली उमेदवारी करून ते धंदा शिकले. पुढे एडिंबरा आणि यॉर्क येथे त्यांनी नोकरी केली. १९०४ च्या सुमारास ते मुंबईत आले, ते सरकारी वास्तुविशारद जॉन बेग यांचे सहायक म्हणून. बेगही स्कॉटिशच. बेग वरच्या पदावर गेल्यावर मुंबई सरकारचे सल्लागार वास्तुविशारद म्हणून विटेट यांची नेमणूक झाली.

त्या काळी मुंबईत युरोपातल्या चर्चसारख्या टोकदार कमानींच्या इमारतींची चलती होती. विटेट यांनी मात्र विजापूर आणि गुजरातकडे पाहिले. १९०५ साली पायाभरणी झालेल्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमचा आराखडा स्पर्धेतून निवडला गेला, तो त्यांचा. विजापूरच्या गोल घुमटाच्या धर्तीचा घुमट आणि आत नाशिकच्या एका वाड्यातले लाकडी नक्षीकाम, असे ते काम आहे. इमारत १९१४ साली पूर्ण झाली. पण महायुद्ध पेटले आणि तेथे जखमी सैनिकांचे रुग्णालय थाटले गेले. लोकांसाठी म्युझियम खुले व्हायला १९२२ साल उजाडले. १९९८ पासून त्याला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आहे.

हे सारे देशी कारागिरीवरचे निव्वळ प्रेम होते, असे मानण्याचे कारण नाही. परक्या राज्यकर्त्यांना आपले राज्य याच मातीतले आहे असे भासवायचे होते. घुमट आणि जाळ्या त्या कामी उपयोगी पडत होत्या. विटेट हे त्या सत्तेचे पगारी नोकर होते, हे नजरेआड करता येत नाही.

गेट वेची कथा तर आणखी बोलकी आहे. १९११ च्या डिसेंबरात पंचम जॉर्ज अपोलो बंदरावर उतरले, तेव्हा तेथे दगडी कमान नव्हतीच. तात्पुरता देखावा उभारून स्वागत उरकले गेले. पायाचा दगड १९१३ साली बसला, विटेट यांचा आराखडा १९१४ साली मंजूर झाला आणि उद्घाटन झाले ४ डिसेंबर १९२४ रोजी. सुमारे ८५ फूट उंचीच्या या पिवळसर दगडाच्या वास्तूवर २१ लाख रुपये खर्च झाले. तिच्यासमोर सरळ रुंद राजरस्ता करायचा बेत होता. पैसाच उरला नाही, म्हणून तो झाला नाही. जवळच्या रस्त्याशी ती कमान आजही तिरकीच उभी आहे. आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानीखालून परत गेली. राज्याच्या वैभवासाठी बांधलेला दरवाजा राज्याच्या निरोपाला उपयोगी पडला.

विटेट यांनी १९१९ मध्ये सरकारी नोकरी सोडली आणि ते टाटांच्या कामात गेले. टाटांचे बॉम्बे हाऊस हे त्यांचेच काम. त्याआधी १९१७ साली भारतातील वास्तुविशारदांच्या संस्थेचे पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडे आले होते.

परंतु आपल्या दृष्टीने त्यांचे सर्वांत मोलाचे काम फोर्टात नाही, ते परळला आहे. सेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या देणगीला एक अट होती. या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणारे भारतीय असावेत आणि ते सरकारी नोकर नसावेत. तोवर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील वरच्या जागा गोऱ्यांच्या हाती होत्या. गुणवत्ता असूनही केवळ जन्मामुळे दार बंद होणे म्हणजे काय, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. त्या अटीतून सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि के. ई. एम. रुग्णालय उभे राहिले. त्यांचे आराखडे विटेट यांचे. १९२६ साली रुग्णालय सुरू झाले, तेही गिरणगावाच्या मधोमध. त्याच परळमध्ये १९२४ साली दामोदर हॉलच्या सभेतून बहिष्कृत हितकारिणी सभेचा पाया घातला गेला. त्याच परळच्या बी. आय. टी. चाळीत बाबासाहेबांचे बिऱ्हाड होते. नाव राजा एडवर्डचे असले, तरी त्या रुग्णालयाच्या खाटांवर गिरणी कामगार, हमाल, सफाई कामगार यांनीच उपचार घेतले.

१९२६ सालीच विटेट मुंबईत वारले. आजार होता अतिसाराचा. वय पन्नासही नव्हते. शिवडीच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे. म्हणजे त्यांचे जवळजवळ सारे महत्त्वाचे काम या एका शहरात झाले आणि मातीही येथेच मिळाली.

विटेट यांचे नाव निदान पुस्तकांत सापडते. ज्यांनी खाणीत दगड फोडला, घडवला, डोक्यावर वाहून पाडावर चढवला, त्यांची नावे ना कमानीवर आहेत ना पुस्तकात. इमारतीचा इतिहास सांगताना राजाचे नाव पहिले, वास्तुविशारदाचे दुसरे आणि श्रमिकाचे कधीच नाही, हा क्रम आपण मुकाट्याने मान्य करायचा का?

वास्तू कोणी बांधून घेतली, यावर तिची किंमत ठरत नाही. तिचे दार कोणासाठी उघडे राहते, यावर ती ठरते. म्हणून पुढच्या वेळी मुलांना गेट वे दाखवाल, तेव्हा त्यांना परळचे रुग्णालयही दाखवा. दोन्ही एकाच माणसाच्या हातची आहेत हे सांगा आणि ती उभी करणाऱ्या हजारो अनाम हातांविषयीही सांगा.